कळ, किल्ली आणि पुन्हा कळ : जुन्या मोटारीला नवे कुलूप बसवण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
पंधरा वर्षे जुनी मोटार ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी असते. काही तासांच्या कामानंतर तिच्या डॅशबोर्डवर निळ्या प्रकाशाची एक गोल कळ दिसू लागते. मालक खिशात छोटा रिमोट ठेवून जवळ येतो, दारांची कुलपे आपोआप उघडतात, कळ दाबताच इंजिन सुरू होते. जुन्या गाडीला नवा जन्म मिळाल्यासारखे वाटते. परंतु या दृश्यातील बऱ्याच गोष्टी वाटतात तितक्या नव्या नाहीत. कळ दाबून इंजिन सुरू करण्याची पद्धत किल्ली फिरवून सुरू करण्याच्या पद्धतीहून वयाने मोठी आहे. जुन्या मोटारीला बाहेरून आणलेली यंत्रणा जोडण्याची प्रथाही शंभर वर्षांहून जुनी आहे. या जोडणीत काय मिळते हे दुकानदार सांगतो. काय निघून जाते हे समजण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

२/
मोटारीची किल्ली दिसते साधी, पण ती एकाच वेळी अनेक कामे करते. ती दार उघडते. इंजिनातील ठिणगीसाठी लागणाऱ्या विजेचा मार्ग खुला करते. स्टार्टर फिरवते. काढून घेतली की स्टीअरिंग जखडून ठेवते. आणि गेल्या तीसएक वर्षांतील किल्ली पाचवे कामही करते : आपल्यातील चिपच्या साहाय्याने ती गाडीला स्वतःची ओळख पटवून देते. ही पाच कामे एकदम जन्माला आली नाहीत. निरनिराळ्या दशकांत, निरनिराळ्या कारणांनी ती किल्लीत एकवटली. काही सोयीपोटी आली, काही चोरांच्या भीतीपोटी, तर काही कायद्याच्या सक्तीने.

३/
आरंभी यांपैकी एकही काम किल्लीकडे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंजिन सुरू करायचे म्हणजे गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी दांडा घालायचा आणि ताकदीने फिरवायचा. मराठीत याला ‘हँडल मारणे’ म्हणतात. ठिणगीची वेळ चुकली तर इंजिन उलटा झटका देई आणि दांडा माणसाच्या हातावर आदळे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट भंगाला अस्थिरोगतज्ज्ञ आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच दांड्यामुळे. दांडा धरताना अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, त्याने मुठीचा वेढा घालू नये, असे चालकांना शिकवले जाई. झटका बसला तर निदान अंगठा वाचावा, एवढाच त्यामागचा हेतू.

४/
त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारी अमेरिकेतील शहरांत लोकप्रिय होत्या. त्यांना हँडल मारावे लागत नसे, हे त्यामागचे एक मोठे कारण. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची मोटार चालवत. पेट्रोलच्या मोटारीला घराघरांत पोहोचायचे असेल तर तो दांडा जाणे आवश्यक होते. वेग किंवा ताकद यांइतकाच ‘सुरू कशी करायची’ हाही प्रश्न बाजारपेठेचे भवितव्य ठरवत होता.

५/
हा प्रश्न सोडवला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. त्याविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते. बायरन कार्टर हा मोटारनिर्माता डेट्रॉइटच्या बेल आइल पुलावर बंद पडलेल्या गाडीतील एका स्त्रीच्या मदतीला थांबला. दांड्याचा झटका जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यात त्याचा अंत झाला. त्याचे मित्र व कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी व्यथित होऊन दांडा हद्दपार करण्याचा निश्चय केला. कथेच्या प्रचलित रूपात ही घटना १९१० च्या हिवाळ्यातील म्हणून येते. कार्टरचे निधन मात्र एप्रिल १९०८ मध्येच झाले होते. म्हणजे कथा त्या रूपात टिकत नाही. दांड्याने माणसे जायबंदी होत, हे मात्र निर्विवाद. एका मृत्यूची कथा लोकांच्या लक्षात राहिली. हजारो मोडलेली मनगटे विस्मृतीत गेली.

६/
केटरिंग पूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची छोटी मोटर बसवली होती. तिथून त्याला एक गोष्ट उमगली होती. सतत चालणारी मोटर मोठी असावी लागते, परंतु काही क्षणच काम करणाऱ्या छोट्या मोटरवर तेवढ्या वेळापुरता प्रचंड भार टाकता येतो. इंजिनाला पहिला फेरा द्यायला काही क्षणच पुरतात. फेब्रुवारी १९११ मध्ये त्याची यंत्रणा कॅडिलॅकवर बसवली गेली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती कारखान्यातूनच येऊ लागली. या कामगिरीसाठी कॅडिलॅकला ब्रिटनचा ड्युअर चषक मिळाला. हे यंत्र इंजिन सुरू करी आणि नंतर तेच उलट्या भूमिकेत वीज निर्माण करून बॅटरी भरी.

७/
प्रश्न उरला तो आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून बनत होती. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. परंतु १९१९ पर्यंत तिला कारखान्यातून विजेचा स्टार्टर मिळत नव्हता. कॅडिलॅक घेणाऱ्या श्रीमंताचे मनगट १९१२ मध्येच सुरक्षित झाले. मॉडेल टी चालवणाऱ्या शेतकऱ्याचे आणखी सात वर्षे धोक्यात राहिले. ही पोकळी बाहेरच्या व्यावसायिकांनी भरली. स्प्रिंगवर चालणारे, दाबलेल्या हवेवर चालणारे, बसल्या जागेवरून दोर ओढून फिरवायचे, विजेचे, असे नाना प्रकारचे स्टार्टर मॉडेल टीसाठी विकले जाऊ लागले. जुन्या गाडीला नवी सोय जोडण्याचा बाजार इथे आकाराला आला.

८/
या शोधाची खूण मराठी बोलीतही राहिली आहे. इंग्रजीतील ‘सेल्फ-स्टार्टर’ या शब्दातला ‘स्टार्टर’ गळून पडला आणि ‘सेल्फ’ तेवढा उरला. ‘सेल्फ मार’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ गेलाय’ ही गॅरेजची रोजची भाषा आहे. अँबॅसेडरसारख्या भारतीय मोटारींना हँडल घालण्याची सोय पुढे अनेक वर्षे होती. त्यामुळे ‘सेल्फ’ आणि ‘हँडल’ हे दोन काळ एकाच गाडीत शेजारी शेजारी नांदत. थंडीच्या पहाटे सेल्फने दगा दिला की दांडा डिकीतून बाहेर निघे.

९/
केटरिंगच्या यंत्रणेनंतरची जवळजवळ चार दशके हा कळीचा काळ होता. किल्लीने केवळ इग्निशन चालू होई. स्टार्टर मात्र वेगळ्या कळीने फिरे. ती कुठे असावी याबाबत एकमत नव्हते. कुठे ती डॅशबोर्डवर होती, कुठे पायाखाली. ब्युइकने १९३० च्या दशकात ॲक्सिलरेटर दाबला की स्टार्टर फिरेल अशी रचना आणली. स्टुडबेकरच्या गाड्यांत स्टार्टरची कळ क्लच पेडलच्या खाली असे. क्लच पूर्ण दाबल्याखेरीज इंजिन सुरूच होत नसे. म्हणजे गिअर पडलेला असला तरी गाडी पुढे उडी घेत नसे. ही बारीक गोष्ट पुढे पुन्हा महत्त्वाची ठरणार होती.

१०/
१९४९ मध्ये क्रायस्लरने किल्ली आणि कळ एकत्र आणली. किल्ली घाला, फिरवा, आणखी थोडी फिरवा, इंजिन सुरू. ही रचना इतकी सोयीची होती की तिने हळूहळू जग व्यापले. पुढील पिढ्यांना किल्ली फिरवणे हीच मोटार सुरू करण्याची ‘मूळ’ पद्धत वाटू लागली. वास्तविक ती मोटारीच्या जन्मानंतर साठएक वर्षांनी रुळलेली पद्धत होय.

११/
या किल्लीमागे खरे कुलूप मात्र नव्हते. ती विजेच्या तारांची जोडणी करी, आणि तारा हातानेही जोडता येत. डॅशबोर्डखाली हात घालून दोन तारा एकमेकींना टेकवल्या की गाडी सुरू. युद्धोत्तर काळात मोटारींची संख्या वाढली तसा हा प्रकारही वाढला. यावर उपाय म्हणून जी गोष्ट पुढे आली ती विजेची नव्हती, लोखंडाची होती : स्टीअरिंग लॉक. किल्ली काढली की एक खीळ स्टीअरिंगच्या दांड्यात शिरते. तारा जोडून इंजिन सुरू केले तरी गाडी वळत नाही. न वळणारी गाडी चोराच्या उपयोगाची नसते.

१२/
येथे इतिहासाने नकळत एक मोठा प्रयोगच मांडला. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टीअरिंग लॉक सक्तीचे केले. नव्या गाड्यांना तर केलेच, पण आधीपासून रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांनाही ते बसवणे बंधनकारक केले. तेथील वाहनचोऱ्या लक्षणीयरीत्या घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून केवळ नव्या गाड्यांना हे कुलूप आले. जुन्या गाड्या होत्या तशाच सोडल्या गेल्या.

१३/
ब्रिटनमधील परिणाम तेथील गृहखात्याच्या अभ्यासकांनी १९७६ साली मांडला. लंडनच्या महानगर पोलीस क्षेत्रात चोरांनी पळवलेल्या गाड्यांत नव्या गाड्यांचे प्रमाण १९६९ मध्ये सुमारे २१ टक्के होते. १९७३ मध्ये ते सुमारे ५ टक्क्यांवर आले. नव्या गाड्यांचे मालक निश्चिंत झाले, पण चोर घरी बसले नाहीत. ते जुन्या गाड्यांकडे वळले. धोका नाहीसा झाला नव्हता. तो नवी गाडी घेऊ शकणाऱ्याच्या दारातून निघून ती न घेऊ शकणाऱ्याच्या दारात आला होता. नव्या गाडीचे नवे कुलूप जुन्या गाडीच्या मालकाला पूर्वीपेक्षा अधिक उघड्यावर टाकते, हा या आकड्यांचा अर्थ. जुन्या गाडीला नंतर बसवलेली यंत्रणा चैन आहे की गरज, हा वाद या अभ्यासानंतर तितकासा सोपा राहत नाही.

१४/
यानंतर किल्ली दूर अंतरावरून बोलू लागली. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनो फ्युएगो मोटारीला रिमोटने उघडणारे कुलूप मिळाले. ते शोधणाऱ्या पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच लोक त्या रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. तो अवरक्त किरणांवर चाले. पुढे रेडिओलहरी आल्या. सुरुवातीच्या अनेक रिमोटचा सांकेतिक क्रमांक कायम एकच असे. तो कोणी हवेतून टिपून घेतला की दार उघडे. म्हणून प्रत्येक वेळी बदलणारा क्रमांक, म्हणजे ‘रोलिंग कोड’, आला. त्यातील ‘कीलॉक’ ही प्रसिद्ध पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. जगभरच्या बाजारात नंतर बसवल्या जाणाऱ्या असंख्य रिमोट लॉकमध्ये ती होती. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचीही फोड केली.

१५/
दार उघडणे एक, गाडी नेणे दुसरे. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा विद्युत् रोधक बसवला होता. त्याचे मूल्य जुळले तरच इंजिन सुरू होई. १९९० च्या दशकात त्याची जागा चिपने घेतली. किल्ली कुलपात शिरताच भोवतालच्या कड्यातून चिपला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली नाही तर इंजिनाचा संगणक इंधन किंवा ठिणगी रोखून धरतो. हाच इमोबिलायझर. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो बंधनकारक झाला. तारा जोडून गाडी पळवण्याचे युग संपत आले, पण पुन्हा एकदा नव्या गाड्यांपुरतेच.

१६/
हा धडा कॅनडातील विनिपेग शहराने मनावर घेतला. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत कॅनडातील सर्वाधिक वाहनचोरीचा दर याच शहराचा होता. चोरीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या इमोबिलायझर नसलेल्या, म्हणजे जुन्या होत्या. तेथील मोटारविमा सार्वजनिक संस्थेकडे असल्याने प्रत्येक चोरीचा भुर्दंड अखेर सर्वांच्याच हप्त्यावर पडे. त्या संस्थेने जुन्या गाड्यांना इमोबिलायझर बसवून घेण्यासाठी आर्थिक साहाय्य सुरू केले. २००७ पासून सर्वाधिक धोक्यातील गाड्यांना तो सक्तीचा झाला. पुढील काही वर्षांत चोऱ्या निम्म्याहूनही खूप खाली आल्या. सराईत तरुण चोरांवर ठेवलेली कडक देखरेख हाही त्या मोहिमेचा भाग होता, म्हणून सर्व श्रेय एका यंत्राला देता येत नाही. परंतु जुन्या गाडीला बसवलेल्या कुलपाने संपूर्ण शहराचे भले होऊ शकते, हे पश्चिम जर्मनीनंतर येथे पुन्हा दिसले.

१७/
कळीचे पुनरागमन या सुरक्षेच्या खांद्यावर बसून झाले. चिप ओळख पटवत असेल, तर किल्ली फिरवण्याची गरजच काय? १९९३ च्या कॉर्व्हेटमध्ये रिमोट खिशात ठेवून जवळ जाताच दार उघडण्याची सोय आली. त्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासने किल्ली खिशातून न काढता इंजिन सुरू करण्याची सोय आणली. १९९९ च्या होंडा एस-२००० मध्ये तर किल्ली फिरवून शिवाय लाल कळ दाबावी लागे. शर्यतीच्या जुन्या गाड्यांची ती आठवण होती. पन्नास वर्षांपूर्वी मागे पडलेली कळ आता प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन परतली.

१८/
या यंत्रणेत गाडी आणि रिमोट यांच्यात संवाद चालतो. गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या, थोड्याच अंतरावर पोहोचणाऱ्या लहरीतून साद घालते. रिमोट जवळ असेल तरच त्याला ती ऐकू येते, आणि तो ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. ‘ऐकू आले म्हणजे मालक जवळ आहे’ हे या व्यवस्थेचे गृहीतक. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी तेच खोटे ठरवले. एक उपकरण गाडीजवळ आणि दुसरे मालकाजवळ धरून त्यांनी ती साद लांबवर पोहोचवली. आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग झाला आणि दहाही गाड्या फसल्या. त्यानंतर काही रिमोट हालचाल थांबली की झोपी जाऊ लागले, आणि लहरीला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजणारे तंत्रही आले. या सुधारणा अर्थात नव्या गाड्यांकडे आधी गेल्या.

१९/
भारतात हा सगळा प्रवास थोड्या वर्षांत आणि बराचसा दुकानांतून घडला. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी असो किंवा १९८३ ची मारुती ८००, सर्व दारांचे एक कुलूप ही कल्पनाच त्या गाड्यांत नव्हती. मालक एकेका दाराची खुंटी दाबत चारही बाजूंनी फिरे. पुढे ॲक्सेसरीजच्या दुकानांतून दारांच्या पत्र्याआड छोट्या मोटरी बसू लागल्या. मग रिमोट आला, भोंगा आला. मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर, पुण्यात नाना पेठ, अशा बाजारांनी ही यंत्रणा मध्यमवर्गाच्या गाडीत आणली. कारखान्याने न दिलेली गोष्ट बाजारातून मिळवण्याचा तो काळ होता. मॉडेल टीच्या मालकांनी शतकाच्या आरंभी जे केले, तेच येथे शतकाच्या अखेरीस घडत होते.

२०/
आजचा ‘पुश स्टार्ट किट’ या परंपरेचा वारस. त्यात एक नियंत्रक पेटी, एक कळ, रिमोट, रिमोटला साद घालणारा अँटेना आणि काही रिले असतात. इग्निशन स्विचमागे बॅटरीची, ॲक्सेसरीची, इग्निशनची आणि स्टार्टरची अशा तारा असतात. किट त्यांचा ताबा घेते. ब्रेक दाबून कळ दाबली की पेटी त्या क्रमाक्रमाने जोडते. थोडक्यात, पूर्वी चोर हाताने जे करी तेच आता पेटी करते, फक्त मालकाच्या रिमोटच्या अनुमतीने. यात गैर काही नाही. कारखान्यातून येणारी कळही तत्त्वतः हेच करते. भेद पडतो तो किल्लीच्या उरलेल्या कामांपाशी.

२१/
पहिले काम स्टीअरिंग लॉकचे. कळ विजेची आहे. ती लोखंडी खीळ मागे ओढू शकत नाही. कारखान्यातून कळ घेऊन आलेल्या अनेक गाड्यांत त्यासाठी वेगळी मोटर असते, किटमध्ये बहुधा ती नसते. मग दोनच मार्ग उरतात. किल्ली कायम कुलपातच ठेवायची, म्हणजे दार उघडणाऱ्याला गाडी आयती. किंवा खीळच काढून टाकायची. ती तशीच ठेवून जुगाड केला आणि चालत्या गाडीत खीळ शिरली तर प्राणावर बेतू शकते, म्हणून बसवणारा ती काढतो. त्या क्षणी १९६० च्या दशकात कायद्याने मिळवून दिलेले संरक्षण गाडीतून उतरते. मालकाला ते कळतही नाही, कारण खीळ कधी डोळ्यांना दिसतच नव्हती.

२२/
दुसरे काम ओळखीचे. मूळ इमोबिलायझरला चिप जवळ हवी असते. मग सोपा उपाय केला जातो : जादा किल्लीतील चिप काढून डॅशबोर्डमागे, कुलपाच्या कड्याजवळ कायमची चिकटवून टाकायची. आता गाडीच्या दृष्टीने मालक अहोरात्र गाडीतच बसलेला असतो. इमोबिलायझर शाबूत दिसतो, पण पहारेकऱ्याला झोपेचे औषध दिलेले असते. संरक्षणाचा सारा भार किटच्या रिमोटवर येतो, आणि त्याचा संकेत कितपत मजबूत आहे हे डब्यावर लिहिलेले नसते. याहून बरी पद्धतही आहे. रिमोटची खात्री पटल्यावर तेवढ्या क्षणांपुरताच चिपचा मार्ग खुला करणारे वेगळे मॉड्यूल त्यात बसवतात. त्यात खर्च आणि कष्ट अधिक आहेत, म्हणून त्याची मागणी मालकाला स्वतः करावी लागते.

२३/
तिसरे काम गिअरचे. भारतातील जुन्या गाड्या बहुतांशी हाताने गिअर टाकण्याच्या. उतारावर गिअरमध्ये ठेवून गाडी उभी करणे ही येथील जुनी आणि चांगली सवय. अशा गाडीची कळ केवळ ब्रेकच्या स्विचला जोडली असेल, तर चालकाने क्लच न दाबता ती दाबताच गाडी पुढच्या भिंतीवर किंवा माणसावर झेपावू शकते. स्टुडबेकरने कळ क्लचखाली ठेवून हा प्रश्न कधीच सोडवला होता. आजच्या किटमध्ये त्यासाठी क्लचच्या पेडलला एक छोटा स्विच बसवावा लागतो. तो स्वस्त आहे, पण घाईच्या कामात हमखास वगळला जाणारा भागही तोच.

२४/
कळीचे आणखी एक वेगळेपण अमेरिकेत जीवघेणे ठरले. किल्ली फिरवून काढून घेणे ही क्रिया इंजिन बंद झाल्याची खूण होती. ती खूण गेल्यावर, घराला लागून असलेल्या बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालूच ठेवून लोक आत गेले आणि कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून दगावले. तेथील संसदेने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात किल्लीविना चालणाऱ्या गाड्यांचे इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हावे अशा नियमाची तरतूद केली. किल्ली हातात परत येणे हा एक निरोप होता, हे ती नाहीशी झाल्यावर ध्यानात आले.

२५/
कळ म्हणजे सुरक्षा, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. अमेरिकेत इमोबिलायझर कधीच सक्तीचा नव्हता. त्यामुळे २०२१-२२ च्या सुमारास तेथे ह्युंदाई आणि किया यांच्या काही गाड्यांच्या चोरीची लाट आली. त्या गाड्या किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या होत्या. त्याच कंपन्यांच्या कळ असलेल्या गाड्या तुलनेने सुरक्षित राहिल्या. त्यांना वाचवले ते कळीने नव्हे, तर कळीबरोबर आलेल्या इमोबिलायझरने. बाहेरून दिसणारी गोष्ट एक होती आणि राखण करणारी दुसरीच. जुन्या गाडीला किट बसवणारे बहुतेक जण पहिली विकत घेतात आणि दुसरीही तिच्यासोबत आपोआप येईल असे धरून चालतात.

२६/
भारतातील मोटारविम्याच्या नियमांत हा भेद एका छोट्या सवलतीच्या रूपाने नोंदला गेला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सूट, अशी ती तरतूद. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामागचा विचार किरकोळ नाही. सूट मिळते ती चोरी रोखण्याच्या तपासलेल्या क्षमतेला. झगमगत्या कळीला ती मिळत नाही. उलट, गाडीत केलेले फेरफार विमा कंपनीला कळवले नाहीत, तर चोरीनंतर दाव्याच्या वेळी तेच अडचणीचे ठरू शकतात.

२७/
शतकभराचा हा प्रवास पाहिला म्हणजे जुन्या गाडीचे नूतनीकरण चूक की बरोबर, असा सरळ निवाडा देता येत नाही. ज्यांच्या मनगटाचा सांधा दुखतो, ज्यांना किल्ली फिरवणे कष्टाचे होते, अशा माणसांसाठी कळ हे आजही केटरिंगच्या काळाइतकेच खरे वरदान आहे. पश्चिम जर्मनी आणि विनिपेग येथे जुन्या गाड्यांना बाहेरून बसवलेल्या यंत्रणेनेच चोर हटले. परंतु तेथे जुन्या गाडीत एका कुलपाची भर पडली होती. दुकानातील घाईच्या जोडणीत बहुधा उलटे घडते : एक सोय येते आणि दोन कुलपे जातात.

२८/
म्हणून दुकानासमोर उभ्या असलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मोटारीबाबत विचारण्याजोगे प्रश्न कळीच्या रंगाविषयीचे नाहीत. स्टीअरिंगच्या खिळीचे काय होणार? चिप कुठे राहणार, आणि ती केव्हा बोलणार? क्लच न दाबता इंजिन सुरू होईल का? धावत्या गाडीत कळीला चुकून हात लागला तर काय? यांतील प्रत्येक प्रश्नामागे कोणाचे तरी मोडलेले मनगट, चोरीस गेलेली गाडी किंवा गमावलेले माणूस आहे. किल्लीने ही कामे एकेक करून स्वीकारली होती. तिला निवृत्त करायचे असेल, तर तिची सर्व कामे कोणाकडे सोपवली याची यादी आधी हातात असावी.